पोरगं बारीक असो की गुटगुटीत, आधी पाच रुपयांचा पुडा बघा

इस्लामपूर : "पोरगं काही खातच नाही, अंगाला काही लागत नाही," ही तक्रार वाळवा तालुक्यात कुठल्याही गावात ऐकायला मिळते. त्याच गल्लीत चौथी-पाचवीतलं दुसरं पोरगं थोडं पळालं की धापा टाकतं, पण "चांगलं गुटगुटीत आहे" म्हणून घरच्यांना कौतुक. दोन्ही घरांत बऱ्याचदा एक गोष्ट सारखीच असते, ती म्हणजे दुकानातला पाच-दहा रुपयांचा पुडा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३६.१ टक्के मुलं कमी वजनाची आहेत. त्याच वेळी जादा वजनाची मुलं १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेली.

सुरुवात कुठं होते?

जन्मताना तीन किलोचं बाळ वर्षाचं होईपर्यंत साधारण नऊ किलोचं होतं. दुसऱ्या वर्षात मात्र वजन दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग कमी झाला की भूकही कमी होते. हे नैसर्गिक आहे. पण घरच्यांना वाटतं, पोरानं जेवण सोडलं. मग "काहीतरी पोटात जाऊ दे" म्हणून हातात बिस्कीट येतं. अकराला बिस्कीट खाल्लं की बाराला जेवण नको होतं. जेवलं नाही म्हणून चारला परत कुरकुरीत पुडा. हीच पुढं सवय होते.

पुडा एकच, परिणाम दोन

बारीक पोराचं पोट लहान असतं. पुड्यानं त्याची भूक मरते आणि ताटातली आमटी, उसळ, अंडं तसंच राहतं. पुड्यात पीठ, तेल, मीठ, साखर भरपूर; अंग बांधणारी प्रथिनं कमी. म्हणून वजन वाढत नाही, पुढं उंचीही खुंटते.

ज्याची भूक चांगली, ते पोरगं पुडा खाऊन वर जेवतंही. १०० ग्रॅम बटाटा वेफर्समध्ये पाचशेच्या वर कॅलरी असतात. थंड पेयाच्या २५० मिलीच्या बाटलीत पाच-सहा चमचे साखर असते. खेळणं कमी आणि मोबाईल जास्त असला की हे सगळं चरबी होऊन साठतं.

आपल्याला उसाचं माहीतच आहे. युरिया जादा पडला की ऊस हिरवागार दिसतो, पण लोळतो आणि साखर उतारा घटतो. नुसत्या दिसण्यावर पोराची तब्येतही ठरवू नये.

कारखाने सुरू झाले की मराठवाड्यातून ऊसतोड कुटुंबं येतात. आईबाप पहाटेच फडात जातात, मागं कोपीवर पोरांना चहा-बिस्कीट. त्यांचा तो नाइलाज असतो. अंगणवाडीचा आहार आणि वजन तपासणी या पोरांसाठीही आहे. गावानं सेविकेला कोपीवर किती मुलं आहेत ते कळवावं.

घरात काय करता येईल?

- जेवणाच्या आणि मधल्या खाण्याच्या वेळा ठरवा. मधल्या वेळेत फक्त पाणी द्या.
- खाऊ घरचा द्या : शेंगदाणा लाडू, उकडलेलं अंडं, दही, केळं. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा ग्रॅम. लहान पोराला अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात, कूट द्या.
- डेअरीला दूध घालण्याआधी पोराचा पेला काढून ठेवा.
- जेवणाबरोबर चहा नको. चहामुळं अन्नातलं लोह अंगी लागत नाही.
- मोबाईल दाखवत भरवू नका, पोट भरल्याचं पोराला कळत नाही.
- जाड पोराला उपाशी ठेवू नका. पुडा आणि थंड पेय बंद करा, रोज तासभर मैदानात खेळू द्या.

नजरेनं नको, काट्यावर बघा

अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, ते विचारून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण, १२.५ पेक्षा कमी असेल तर मध्यम. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतं. लहान पोराचं वजन दोन-तीन महिने हललं नाही किंवा एकदम वाढलं, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. प्रत्येक वेळी खाण्याचंच कारण असतं असं नाही. जंत किंवा दुसरा आजारही असू शकतो.

आणखी एक. २०२० च्या केंद्रीय नियमानुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायला बंदी आहे. आपल्या गावच्या शाळेसमोर काय विकलं जातं, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनी विचारायला हरकत नाही.