मॅलेट डीहायड्रोजनेज

तंतुकणिकीय मॅलेट डीहायड्रोजनेज हे क्रेब्ज चक्रातील एक विकर आहे. ते मॅलेटचे ऑक्झॅलोॲसिटेटमध्ये रूपांतर करते. त्याच वेळी एनएडी या सहविकराचे क्षपण होऊन एनएडीएच तयार होते.

चयापचयातील कार्य

प्रमाण स्थितीत या अभिक्रियेतील मुक्त ऊर्जेचा बदल सुमारे +३० किलोजूल प्रतिमोल असतो. त्यामुळे तिचा समतोल मॅलेटकडे झुकलेला असतो आणि ऑक्झॅलोॲसिटेट अत्यल्प प्रमाणातच साठते. सायट्रेट सिंथेज हे पुढील विकर ते सतत वापरत राहते, म्हणून चक्र चालू राहते.

बंधनाची चाचणी

ही दोन विकरे परस्परांना जोडलेली असल्यास ऑक्झॅलोॲसिटेट एकाकडून दुसऱ्याकडे थेट जाऊ शकेल. हे बंधन तपासण्यासाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा उपयोग १९७७ मध्ये करण्यात आला. या पदार्थाच्या योग्य तीव्रतेच्या द्रावणात प्रत्येक विकर स्वतंत्रपणे विरघळलेले राहते. दोन्ही मिसळल्यास मात्र द्रावण गढूळ होऊन त्यांचा एकत्रित अवक्षेप मिळतो. बंधन विशिष्ट आहे की नाही, हे ठरवण्यासाठी पेशीद्रवातील मॅलेट डीहायड्रोजनेजसारख्या अन्य प्रथिनांशी तुलना करतात.

अवक्षेपामुळे बंधनक्षमता दिसते. जिवंत पेशीतील थेट हस्तांतरण मात्र केवळ त्यावरून सिद्ध होत नाही. अशा विकरसमूहांसाठी पॉल स्रीअर यांनी १९८५ मध्ये ‘मेटाबोलॉन’ ही संज्ञा मांडली.