राखमृदा, ज्वालामुखीय
राखमृदा, ज्वालामुखीय : ज्वालामुखीच्या स्फोटक उद्रेकात आकाशात उडालेली बारीक राख दूरवर जाऊन साचल्यावर तिच्या अपक्षयाने तयार झालेली मृदा. ही मृदा सपाट प्रदेशांतही आढळते. परंतु हिमयुगात हिमनद्यांनी व्यापलेल्या पर्वतीय उतारांवर तिला विशेष महत्त्व आहे. अशा उतारांवर हिमनदीने टाकलेल्या दगडगोट्यांच्या घट्ट गाळावर राखेचा पातळ थर पसरलेला असून त्यावर सूचिपर्णी वृक्षांची दाट अरण्ये वाढलेली आहेत. या प्रकाराचा सर्वांत तपशीलवार अभ्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उत्तर आयडाहो, ईशान्य वॉशिंग्टन व पश्चिम माँटॅना या भागांत झाला आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः याच क्षेत्राचा विचार केला आहे.

या क्षेत्रातील राखेचा थर बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरपेक्षा कमी जाडीचा असतो. तथापि तेथील वृक्षांना कोरड्या उन्हाळ्यात लागणारे पाणी मोठ्या प्रमाणात हाच थर पुरवितो. हा थर खालच्या खडकापासून वा गाळापासून तयार झालेला नाही. त्यामुळे तो धुपून गेल्यास स्थानिक प्रक्रियांनी पुन्हा निर्माण होत नाही, हे त्याचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य होय.

निर्मिती : शेवटच्या हिमयुगात कॅनडाच्या पश्चिम भागावर पसरलेल्या कॉर्डिलेरन हिमस्तराच्या जिव्हा दक्षिणेकडे उत्तर आयडाहो व वॉशिंग्टनच्या दऱ्यांपर्यंत पोहोचल्या होत्या. उंच पर्वतांवर स्वतंत्र दरी-हिमनद्याही होत्या. बर्फाने खरवडून आणलेले मोठे धोंडे, गोटे, वाळू, गाळवट व चिकणमाती यांचा आकारमानानुसार विलगीकरण न झालेला जो निक्षेप बर्फ वितळल्यावर मागे राहिला, त्यास टिल किंवा गोलाश्मी मृत्तिका असे म्हणतात. हिमनदीच्या तळाशी साचलेले टिल वरच्या बर्फाच्या प्रचंड भाराखाली दबलेले असल्यामुळे अतिशय घट्ट असते.

बर्फ मागे हटल्यानंतर या उघड्या पृष्ठभागावर कॅस्केड पर्वतरांगेतील ज्वालामुखींची राख वेळोवेळी पडली. वॉशिंग्टनमधील ग्लेशियर पीकची राख सु. १३,५०० वर्षांपूर्वीची आहे, तर मौंट सेंट हेलेन्सची राख अनेक वेळा पडली असून त्यांपैकी एक मोठा उद्रेक इ. स. १४८० च्या सुमारास झाला. परंतु या मृदांचा मुख्य घटक ओरेगन राज्यातील मौंट मॅझामाची राख होय. सु. ७,७०० वर्षांपूर्वी झालेल्या या ज्वालामुखीच्या उद्रेकात सु. ५० घ. किमी. शिलारस बाहेर पडला. खालचा आधार गेल्यामुळे पर्वताचा माथा खचून महाकुंड तयार झाले व त्यात पुढे पावसाचे व बर्फाचे पाणी साचले. हेच आजचे क्रेटर लेक हे ५९४ मी. खोल सरोवर होय. प्रचलित वाऱ्यांमुळे राख मुख्यतः ईशान्येकडे वाहून गेली आणि सु. ७०० किमी. दूर असलेल्या उत्तर आयडाहोतील डोंगरांवर तिचा जाड थर बसला. त्या काळी या प्रदेशात मनुष्यवस्ती होती. ओरेगनमधील फोर्ट रॉक गुहेत ल्यूथर क्रेसमन यांना १९३८ मध्ये मॅझामा राखेच्या थराखाली झाडाच्या सालीच्या विणलेल्या चपला सापडल्या.

राख सर्वत्र सारखी पडली असली, तरी ती सर्वत्र सारखी टिकली नाही. वारा, पाणी व गुरुत्वाकर्षण यांमुळे कडा व धारांवरील राख खालच्या उतारांवर सरकली. दक्षिणाभिमुख उतारांवर ऊन अधिक, वनस्पती विरळ व वणवे वारंवार, त्यामुळे तेथील राख बव्हंशी धुपली किंवा खालच्या मातीत मिसळली. उत्तर व पूर्वाभिमुख उतारांवर ओलावा अधिक असल्यामुळे दाट वन वाढले आणि पालापाचोळ्याचे आवरण व मुळांचे जाळे यांनी राख धरून ठेवली. राखेने वनास पाणी पुरविले व वनाने राखेचे रक्षण केले, असा हा परस्परसंबंध आहे.

राख पडण्याची ही क्रिया आधुनिक काळातही पाहावयास मिळाली. १८ मे १९८० रोजी मौंट सेंट हेलेन्सच्या उद्रेकात उडालेल्या राखेचा सु. ५ सेंमी. जाडीचा थर सु. ३०० किमी. दूर असलेल्या रिट्झव्हिल या गावावर साचला होता.

मृदाजनन : राखेत प्रामुख्याने ज्वालामुखी काचेचे सच्छिद्र, धारदार कण असतात. शिलारस अत्यंत वेगाने थंड झाल्यामुळे या काचेत अणूंची नियमित स्फटिकी मांडणी झालेली नसते. म्हणून स्फटिकी खनिजांच्या मानाने तिचा अपक्षय लवकर होतो. त्यातून सुटे झालेले ॲल्युमिनियम, सिलिका व लोह एकत्र येऊन ॲलोफेन, इमोगोलाइट व फेरिहायड्राइट ही अल्पसुसंघटित खनिजे बनतात. ॲलोफेनचे कण एका मिलिमीटरच्या सु. चार-पाच दशलक्षांश व्यासाच्या पोकळ गोलकांसारखे, तर इमोगोलाइटचे कण अतिसूक्ष्म नळ्यांसारखे असतात. जेथे ह्यूमस अधिक व मृदा अधिक अम्लीय असते, तेथे ॲल्युमिनियम सिलिकेऐवजी ह्यूमसशी संयोग पावते. या संयुगांतील सेंद्रिय द्रव्य सूक्ष्मजीवांना सहजासहजी विघटित करता येत नाही. परिणामी राखमृदांत कार्बन दीर्घकाळ साठून राहतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये सर्वेक्षण करणाऱ्या अमेरिकन मृदावैज्ञानिकांनी तेथील काळसर राखमृदांना ‘अँडो’ हे नाव दिले. जपानी भाषेत ‘अन्’ म्हणजे गडद व ‘दो’ म्हणजे माती. अमेरिकन वर्गीकरणात राखमृदांचा स्वतंत्र गण असावा, असा प्रस्ताव गाय स्मिथ यांनी १९७८ मध्ये मांडला व त्यानुसार १९९० च्या सुमारास अँडिसोल हा गण रूढ झाला. पृथ्वीवरील बर्फमुक्त भूमीपैकी सु. एक टक्का भूमीवरच या मृदा आहेत.

छेद व ओळख : वनातील मृदेचा उभा छेद घेतल्यास सर्वांत वर सूचिपर्णांच्या पाचोळ्याचा थर, त्याखाली पिवळसर तपकिरी, पिठासारखी मऊ व जवळजवळ दगडविरहित राख आणि त्याखाली दगडगोट्यांनी भरलेले करडे टिल असा क्रम दिसतो. राख व टिल यांमधील सीमा बहुधा स्पष्ट असते. परंतु वादळात वृक्ष मुळासकट उन्मळून पडल्यास दोन्ही थर एकमेकांत मिसळतात. राखेची माती हातात हलकी लागते आणि ओली असताना बोटांत चोळल्यास बुळबुळीत होते. तिची स्थूल घनता सामान्यतः दर घ. सेंमी.ला ०·९ ग्रॅ. किंवा त्याहून कमी असते. याउलट दाबलेल्या टिलाची घनता त्याच्या जवळजवळ दुप्पट असू शकते.

क्षेत्रीय परीक्षेसाठी मातीवर सोडियम फ्ल्युओराइडाचा विद्राव टाकतात. फ्ल्युओराइड क्रियाशील ॲल्युमिनियमाशी जोडलेले हायड्रॉक्सिल गट मुक्त करते, त्यामुळे विद्रावाची क्षारता वाढते व फिनॉलप्थॅलिनचा लाल रंग दिसतो. राख कोणत्या ज्वालामुखीची, हे काचेच्या रासायनिक संघटनावरून ठरविता येते.

जलधारणा व वनवाढ : या क्षेत्रात पॅसिफिक महासागरावरून येणारी आर्द्रता मुख्यतः हिवाळ्यात हिमरूपाने पडते, जुलै व ऑगस्ट हे महिने बहुधा कोरडे जातात. म्हणजे वृक्षांची वाढ ज्या ऋतूत होते, त्याच ऋतूत पाऊस नसतो. वसंत ऋतूत वितळणारे बर्फाचे पाणी धरून ठेवून उन्हाळ्यात ते हळूहळू मुळांना पुरविणे, हे कार्य राखेचा थर करतो. त्याच्या निम्म्याहून अधिक आकारमान रंध्रांनी व्यापलेले असते. मोठ्या रंध्रांतून पाणी त्वरित आत मुरते, तर सूक्ष्म रंध्रांत ते टिकून राहते. हेमलॉक, रेड सीडार, ग्रँड फर व पश्चिमी श्वेत पाइन यांची वने उत्तर आयडाहोत जोमाने वाढतात, त्यास राखेची ही जलधारणशक्ती बऱ्याच अंशी कारणीभूत आहे.

खालचे घट्ट टिल पाण्याला व मुळांना सहज वाट देत नाही. त्यामुळे बहुसंख्य बारीक मुळे राखेतच पसरतात आणि वसंतात पाणी दोन थरांच्या सीमेवर काही काळ तुंबून उताराच्या दिशेने आडवे वाहते. पर्वतात रस्त्यासाठी उतार छेदल्यास याच सीमेतून पाझर फुटतात. वॉशिंग्टन राज्याची प्रातिनिधिक मृदा म्हणून निवडलेली ‘टोकुल’ ही कॅस्केडच्या पश्चिम पायथ्याशी आढळणारी मृदा टिलावरील राख व वाताहृत गाळवट यांपासूनच बनलेली आहे.

पोषकद्रव्ये : पाण्याच्या दृष्टीने संपन्न असलेली ही मृदा पोषकद्रव्यांच्या दृष्टीने तशी नाही. ताज्या राखेत नायट्रोजन जवळजवळ नसतो. तो पाचोळा व ह्यूमस यांतूनच येतो. क्रियाशील ॲल्युमिनियम व लोह फॉस्फेट घट्ट धरून ठेवतात. ते मिळविण्यास वृक्षांना मुळांवरील सहजीवी कवकांची मदत होते. त्यामुळे वरचा सेंद्रिय थर जळाला किंवा खरवडला गेला, तर वनाचा पोषणसाठाच कमी होतो. उत्तर आयडाहोच्या काही भागांत ग्रँड फरचे वन तोडल्यावर नेच्यांचे दाट रान माजले व वृक्षांचे पुनरुज्जीवन दीर्घकाळ खुंटले. अशा ठिकाणी मृदा अधिक अम्लीय होऊन ॲलोफेनऐवजी ॲल्युमिनियम-ह्यूमस संयुगे वाढत असल्याचे आढळले आहे.

इतर प्रदेश : दक्षिण चिलीतील अँडीज पर्वताच्या उतारांवरही हिमनद्यांच्या निक्षेपांवर राखेचे थर असून त्यांवर नोथोफेगस वृक्षांची वने आहेत. तेथील खोल राखमृदांना ‘त्रुमाओ’ असे म्हणतात. २२ मे १९६० च्या भूकंपात असंख्य उतारांवरील राख वनांसह घसरून खाली आली. या मोकळ्या झालेल्या जागी नोथोफेगसची नवी पिढी उगवली.

महाराष्ट्रातील काळी मृदा (रेगूर) हीदेखील ज्वालामुखीय द्रव्यापासून झालेली आहे; तथापि ती सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्ह्यापासून, म्हणजे घट्ट बेसाल्ट खडकाच्या दीर्घ अपक्षयाने बनली आहे. तिच्यातील स्फटिकी चिकणखनिजे पाण्याने फुगतात व सुकल्यावर आकसतात. म्हणून ती उन्हाळ्यात भेगाळते. राखमृदा हलकी असते व तशी भेगाळत नाही. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची राख सापडते. परंतु ती नदीच्या गाळात गाडलेल्या थराच्या स्वरूपात आहे. राखमृदेचे आवरण महाराष्ट्राच्या डोंगरउतारांवर नाही.

ऱ्हास व संधारण : राखेच्या ज्या सच्छिद्रतेमुळे वन वाढते, तीच तिला दुर्बल करते. ओल्या राखेवरून ओंडके ओढणारी अवजड यंत्रे गेल्यास मोठी रंध्रे दबतात, पाणी मुरण्याऐवजी पृष्ठावरून वाहू लागते व मृदेची धूप सुरू होते. असे घट्टीकरण अनेक दशके टिकू शकते. विसाव्या शतकात वृक्षतोडीनंतर बुलडोझरने जमीन साफ करण्याच्या पद्धतीमुळे अनेक ठिकाणी फांद्यांबरोबर राखही ढकलली जाऊन ढिगाऱ्यांत जमा झाली व मधल्या पट्ट्यांत टिल उघडे पडले. तीव्र वणव्यांनीही सेंद्रिय आवरण नष्ट होऊन राख धुपण्यास मोकळी होते. ऑगस्ट १९१० मध्ये उत्तर आयडाहो व पश्चिम माँटॅना येथे लागलेल्या वणव्यांत सु. १२ लाख हेक्टर क्षेत्र जळाले होते.

यांवरील उपाय साधे आहेत. यंत्रांसाठी ठराविक वाटाच वापरणे, मृदा कोरडी असताना किंवा जाड बर्फावरून ओंडके हलविणे, वाटांवर फांद्यांचे अंथरूण ठेवणे, पाचोळा व कुजके लाकूड जागेवरच राहू देणे आणि तीव्र उतारांवर तारदोरांच्या साहाय्याने ओंडके उचलणे, हे त्यांपैकी प्रमुख होत. सेंद्रिय द्रव्य काढून घेणे व मृदा दबणे यांचा वनवाढीवर होणारा परिणाम मोजण्यासाठी अमेरिकेच्या वनसेवेने १९८९ मध्ये दीर्घकालीन प्रयोग हाती घेतले. १९११ मध्ये स्थापन झालेले उत्तर आयडाहोतील प्रीस्ट रिव्हर प्रायोगिक वन हे त्यांतील एक केंद्र आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये आयडाहोतील कर्दलेन येथे केवळ वनातील राखमृदांच्या विचारासाठी परिषद भरली होती. खतांनी नायट्रोजन भरून काढता येतो व दबलेली जमीन काही प्रमाणात सैल करता येते. परंतु धुपून गेलेली राख परत आणण्याचा व्यवहार्य उपाय नाही. म्हणून अशा वनांच्या व्यवस्थापनात राखेचा थर टिकविण्यास वृक्षांच्या उत्पादनाइतकेच महत्त्व दिले जाते.