दगडूचं नाव दगडू का, आणि नकोशीचं नकोशी का?

बाळाच्या नावाने खरंच काही होतं का? मी जनुकशास्त्रात पीएचडी करतेय म्हटल्यावर बाळांबद्दल मला सगळंच माहीत असणार असा लोकांचा समज असतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे फिरून फिरून येतो. जनुकांना नाव कळत नाही, एवढं उत्तर खरं तर पुरे. पण त्याने कुणाचं समाधान होत नाही. कारण समोरच्याकडे पुरावा असतो: "आमच्या गावात एकीचं नाव नकोशी ठेवलं, आणि पुढच्या खेपेला मुलगाच झाला की!" आज या पुराव्याचीच जरा तपासणी करू.

आधी जुन्या नावांकडे बघू. जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही गावातली जुनी मतदार यादी उघडा. भिका, दगडू, धोंडू, उखर्डू, चिंधा, फकिरा, सुपडू, नथू अशी नावं हमखास सापडतील. उखर्डू म्हणजे उकिरड्यावरचा, चिंधा म्हणजे चिंधीसारखा, सुपडू म्हणजे सुपात घातलेला. आईबापांना पोर नको होतं म्हणून ही नावं ठेवली का? उलट आहे. आधीची पोरं दगावलेली असायची, आणि आता हे तरी जगावं म्हणून नजरेला, मृत्यूला, सटवाईला फसवायचं. दगड कोण उचलून नेणार? नथूची गंमत तर आणखी पुढची. मुलाचं नाक टोचून त्यात नथ घालायची, म्हणजे वाईट नजरेला ती मुलगी वाटेल आणि ती पुढे निघून जाईल. मुलगी कुणी नेणार नाही हे गृहीतच धरलेलं! त्या एका छोट्या नावात किती काय बसलंय बघा.

आता प्रश्न असा की ही युक्ती चालायची का? शंभरेक वर्षांपूर्वी आपल्याकडे पाचातलं एक तरी बाळ पहिला वाढदिवस बघत नसे. म्हणजे उरलेली चार बघायची, नाव काहीही असलं तरी. दहा दगडू जन्मले तर आठ वर्षभर टिकणार, आणि त्या आठांचं श्रेय नावाला मिळणार. जे दोन गेले त्यांचं नाव कुणाच्या लक्षात राहणार? शिवाय तुम्हाला पारावर भेटलेले सगळे दगडूआप्पा जगलेलेच होते, नाहीतर भेटले कसे असते! आमच्याकडे याला उत्तरजीवी पूर्वग्रह म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ एवढाच की जे उरले तेवढेच मोजले.

नकोशीचा हिशोबही असाच फसवा आहे, पण तिथे हेतू पूर्ण फिरलेला आहे. दगडूला वाईट नाव मिळतं ते त्याने राहावं म्हणून. नकोशीला वाईट नाव मिळतं ते पुढच्याने यावं म्हणून. दोन-तीन मुली झाल्या, आता देवाला निरोप द्यायचा की बस झालं, आता आंडोर दे. तो निरोप मुलीच्या अंगावर लिहायचा आणि तिने तो जन्मभर वागवायचा. हजेरीत, दहावीच्या सर्टिफिकेटवर, लग्नपत्रिकेत.

आता गणित. बाळ मुलगा होणार की मुलगी हे वडिलांकडून येणाऱ्या शुक्राणूत एक्स गुणसूत्र आहे की वाय, यावर ठरतं. जगभर साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात. म्हणजे दर खेपेला मुलगा होण्याची शक्यता ५१ टक्क्यांच्या आसपास. आधी तीन मुली झाल्या म्हणून ती वाढत नाही किंवा कमी होत नाही. (जोडप्याजोडप्यात अगदी किंचित फरक असू शकतो, त्यावर अभ्यास सुरू असतात. पण मोठ्या बहिणीच्या नावाचा त्याच्याशी संबंध नाही.)

समजा, शंभर घरांनी शेवटच्या मुलीचं नाव नकोशी ठेवलं. पुढच्याच खेपेला ५१ घरांत मुलगा. उरलेल्या ४९ घरांनी आणखी एकदा प्रयत्न केला तर त्यांतल्या २५ घरांत मुलगा. तिसऱ्यांदा आणखी १२. म्हणजे तीन बाळंतपणांत शंभरातली ८८ घरं सांगणार, "नाव लागू पडलं बरं का!" आता दुसरी शंभर घरं घ्या, ज्यांनी मुलीचं नाव सुवर्णा ठेवलं. तिथेही ८८च. पण सुवर्णामुळे मुलगा झाला असं कोण कुणाला सांगत बसणार? तुलनेसाठी दुसरा गट लागतो, आणि गावगप्पांत तो कधीच नसतो. औषधाच्या चाचणीत निम्म्या रुग्णांना खोटी गोळी का देतात, हे ज्यांना कळत नाही त्यांना मी हेच उदाहरण देते.

अजून एक गैरसमज जाता जाता. "मुलगा होईपर्यंत थांबत नाहीत म्हणून मुली कमी झाल्या" असं लोक म्हणतात. तसं होत नाही. प्रत्येक बाळंतपण म्हणजे नव्याने उडवलेलं नाणं. तुम्ही कधी थांबता यावर छाप-काट्याचं एकूण प्रमाण बदलत नाही. फक्त मुलींच्या वाट्याला जास्त भावंडांची घरं येतात. निसर्गाच्या हिशोबाने हजार मुलांमागे साधारण ९५० मुली जन्मायला हव्यात. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. एवढा खड्डा नाण्याने पडत नाही. तो पडला सोनोग्राफीने आणि त्यानंतरच्या गर्भपाताने. गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला होता, देशाचा १९९४ मध्ये आला. तरी हा आकडा.

म्हणून नकोशी हे नाव आता कमी ऐकू येतं याचा मला सरळ आनंद होत नाही. निदान नकोशी जन्माला तरी आली होती.

सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेने अशा मुली शोधून २८५ जणींचं पुन्हा बारसं केलं आणि नव्या नावाची प्रमाणपत्रं दिली. अनेकींनी आपलं नाव स्वतः निवडलं. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. पाळण्यातल्या बाळाला हा मान मिळत नाही.

मग आता नावं कशी ठरतात? पत्रिकेवरून अक्षर काढतात. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, एकूण १०८ अक्षरं. चंद्र एका चरणात साधारण सहा तास असतो, म्हणजे त्या सहा तासांत जन्मलेल्या सगळ्या बाळांना एकच अक्षर. हस्त नक्षत्राच्या एका चरणाला 'ण' येतो, आर्द्रेच्या एकाला 'ङ'. ठेवा बघू नाव! तिथे गुरुजीही मुकाट्याने दुसरं अक्षर देतात. आणि अक्षर मिळालं की मोबाइल निघतो.

गंमत म्हणजे "सगळ्यांपेक्षा वेगळं" शोधूनही बालवाडीत तीन आरव आणि दोन स्वरा निघतातच. मॅथ्यू हान आणि अलेक्झांडर बेंटली यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या बाळांच्या नावांचा अभ्यास केला. लोक एकमेकांची नावं नुसती उचलतात आणि अधूनमधून कुणीतरी नवीन काढतं, एवढं साधं प्रारूप धरलं तरी विसाव्या शतकातल्या नावांच्या लोकप्रियतेची मांडणी त्यात बसते, असं त्यांना दिसलं. आम्ही जनुकांसाठी जे यादृच्छिक विचलनाचं गणित वापरतो, तेच हे. त्यात माझी एक भर: आपल्याला दिसतात ती दोन-तीन वर्षांच्या पोरांची नावं. या महिन्यात शेजारच्या तालुक्यात काय ठरतंय ते दिसत नाही. त्यामुळे सगळे एकाच वेळी "वेगळे" होतात.

शेवटी कामाचं. जन्माची नोंद २१ दिवसांत करा. तेव्हा नाव ठरलेलं नसलं तरी चालतं, रकाना कोरा ठेवून नोंद होते. नंतर १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यापुढे विलंब शुल्क. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे, तेव्हा स्पेलिंग दोनदा तपासा. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी महाराष्ट्रात सरकारी कागदांवरचा क्रम ठरलाय: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव. फुईने पाळण्यात कानात काहीही सांगितलं तरी दुसऱ्या जागेवर आता आईच असेल.