शहाडच्या पुलाखालचं पंढरीचं पाणी

शहाड सोडून लोकल आंबिवलीकडे निघाली की खाली उल्हास नदी येते. पूल ओलांडायला लागतात जेमतेम काही सेकंद. तेवढ्यात मोबाइलवरून नजर उचला आणि खिडकीतून खाली बघा. त्या पाण्यात जे पाणी मिसळलंय, ते निघालं होतं पंढरपूरला!

कसं काय? त्यासाठी सह्याद्रीच्या माथ्यावर चढायला हवं. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हे पठार झालं. घराच्या छपरासारखं समजा, पण एक पाखं उभंच्या उभं कोकणात तुटलेलं आणि दुसरं हलकेच उतरत पार पूर्व किनाऱ्यापर्यंत गेलेलं. कड्याच्या अलीकडे पडलेला थेंब उल्हासमधून कर्जत, बदलापूर, शहाड करत अरबी समुद्र गाठतो. हातभर पलीकडे पडलेल्या थेंबापुढे मात्र हजार किलोमीटरहून लांबची वाट, थेट बंगालच्या उपसागराची.

त्या पलीकडच्या बाजूलाच आंध्रा नावाची छोटी नदी आहे. ती मिळते इंद्रायणीला. इंद्रायणी देहू-आळंदीवरून भीमेला, आणि हीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. 1922च्या सुमारास टाटांच्या वीज कंपनीने ठोकरवाडीला धरण बांधून आंध्रेला अडवलं आणि तिचं पाणी पश्चिमेला वळवलं. ते सुमारे पाचशे मीटर खाली भिवपुरीच्या वीजघरात कोसळलं, वीज मुंबईला गेली. आणि पाणी? ते उतरलं उल्हासमध्ये. आजही उतरतं, म्हणून तर भर उन्हाळ्यातही उल्हास वाहती असते. शहाडला हे पाणी उचलून ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरला पुरवतात. त्या योजनेचं 'स्टेम' हे नावच मुळी शहाड आणि टेमघर यांवरून पडलंय. आता योगायोग बघा. शहाडचं बिर्ला मंदिर कुणाचं? विठ्ठलाचं! चंद्रभागेची वाट चुकलेलं पाणी विठोबाच्या गावावरूनच जातं. मला तरी याहून सुंदर भूगोल ठाऊक नाही.

भूगोलापुढे रेल्वेलाही वाट वाकडी करावी लागली. समोर घाट दोन, म्हणून कल्याणला रुळांना फाटा फुटला. थळ घाटाच्या वाटेवर शहाड, बोरघाटाच्या वाटेवर अंबरनाथ.

अंबरनाथला उतरलात तर तोच लाव्हा पुन्हा भेटेल, या वेळी शिवमंदिर होऊन. वालधुनीच्या काठच्या या मंदिराचं शिखर भूमिज शैलीचं, म्हणजे इवल्या इवल्या शिखरांच्या माळा एकावर एक ओवत नेलेलं. गाभाऱ्यात जायला पायऱ्या चढायच्या नाहीत, उतरायच्या. जमिनीच्या पोटात शिवलिंग आणि मान वर केली तर उघडं आकाश! वय किती? उत्तरेच्या दारावरच्या शिलालेखात शक आहे. अभ्यासक भाऊ दाजींनी तो 782 असा वाचला, पुढे भगवानलाल इंद्रजींनी 982. एका अंकाने मंदिर दोनशे वर्षांनी तरुण झालं! आज मान्य आहे तो शक 982, म्हणजे इसवी सन 1060, शिलाहार राजा मम्वाणीचा काळ. साडेनऊशेहून जास्त पावसाळे या नक्षीवर कोसळले आहेत आणि तरीही तिथल्या मूर्तींच्या गळ्यातले हार मोजता येतात.

शहाड आणि अंबरनाथ यांच्या मध्ये उल्हासनगर आहे. क्षेत्रफळ जेमतेम 13 चौरस किलोमीटर, आणि 2011च्या जनगणनेत माणसं पाच लाखांवर. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराच्या बराकी होत्या, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेली लाखाच्या आसपास माणसं उतरली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या वसाहतीची पायाभरणी झाली. नाव कुठून आलं? नदीकडून! 'कॅम्प' मात्र लोकांच्या तोंडून गेला नाही, आणि पत्त्यातला बराक नंबरही.

ज्यांच्या नावातच नदी, त्या सिंधी माणसांची सिंधू मागे राहिली. त्यांचा देव झुलेलाल, जलदेवता, वरुणाचा अवतार. चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, ते बहिराणा सजवतात: थाळीत कणकेचा दिवा, खडीसाखर, फळं. नाचत-गात तो पाण्यापर्यंत नेतात, पाण्यात सोडतात, आणि मग वाहत्या पाण्यासमोर पदर पसरून मागणं मागतात.