नाव मोठं, पण आतला माल कोणता?

भोसरी, तळवडे, चाकणच्या पट्ट्यात छोटा कारखाना चालवणारा माणूस व्हीएमसी घेताना स्पिंडलचा आरपीएम, टेबलाचा साइज, कंट्रोलर, सर्व्हिस इंजिनिअर कुठून येणार, सगळं खोदून विचारतो. तोच माणूस डिझाइनसाठी कॉम्प्युटर घ्यायला निघाला की म्हणतो, "चांगल्या कंपनीचा द्या." ही सवय जाहिरातींनी लावली आहे आणि तिच्यापायी कष्टाचे पैसे विनाकारण जातात.

मोठी कंपनी स्वतःच्याच कारखान्यात लॅपटॉप बनवते, हा पहिला गैरसमज. बहुतेक नामांकित ब्रँडचे कितीतरी लॅपटॉप क्वांटा, कॉम्पल, इन्व्हेंटेक अशा तैवानी कंत्राटी उत्पादकांकडे तयार होतात. एकमेकांशी स्पर्धा करणारे ब्रँडही एकाच उत्पादकाकडून माल घेतात. यात फसवणूक काही नाही. मोठ्या गाडी कंपनीच्या नावाने धावणारे किती पार्ट आपल्याच शेडमध्ये बनतात आणि त्यांचा दर्जा ड्रॉइंग, टॉलरन्स आणि तपासणीवर ठरतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. कॉम्प्युटरचंही तेच. म्हणून एकाच नावाखाली वेगवेगळा माल असतो: एचपीचा पॅव्हेलियन घरगुती वापराचा, एलिटबुक कचेरीतल्या रोजच्या राबत्याचा. लेनोवोचा आयडियापॅड वेगळा, थिंकपॅड वेगळा. थिंकपॅड तर मुळात आयबीएमचा. तो धंदा २००५ मध्ये लेनोवोकडे गेला. तेव्हा आधी मालिका विचारा, कंपनी नंतर.

"आय-सेव्हन आहे, म्हणजे फास्टच." सगळ्यात महागात पडणारा समज हाच. इंटेलचा २०१६ चा कोअर आय७-७५००यू दोन कोअरचा होता. पुढच्याच वर्षी आलेला आय५-८२५०यू चार कोअरचा. म्हणजे नावात मोठा आकडा असलेला प्रोसेसर निम्म्या कोअरचा निघाला. पिढी आणि शेवटचं अक्षर वाचल्याशिवाय 'आय७' या शब्दाला काही अर्थ नाही. लॅपटॉपवरच्या स्टिकरचंही असंच. 'इंटेल इनसाइड' ही मोहीम १९९१ मध्ये सुरू झाली. आपला लोगो लावणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातखर्चातला वाटा इंटेल उचलत असे. गिऱ्हाइकाला गुणवत्तेचा शिक्का वाटणारी ती जागा खरं तर जाहिरातीची होती.

कॅडसाठी जास्तीत जास्त कोअर लागतात, असंही सर्रास ऐकू येतं. सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये पार्ट रीबिल्ड करण्याचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं. तिथे त्या एका कोअरचा वेग आणि पुरेशी रॅम कामाला येते. रेंडरिंग किंवा मोठं सिम्युलेशन करणार असाल, तर जास्त कोअरचे पैसे वसूल होतात. नुसतं ड्रॉइंग काढायचं असेल, तर नाही.

वॉरंटीच्या बाबतीत मात्र माझं झुकतं माप मोठ्या कंपनीला आहे. असेंबल्ड मशीनमध्ये प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी असते. ब्रँडेडमध्ये अख्ख्या मशीनसाठी एकच दार ठोठवायचं. पण 'नेक्स्ट बिझनेस डे' याचा अर्थ उद्या मशीन सुरू, असा होत नाही. फोनवर निदान झाल्यावर माणूस भेटीला येण्याचा तो वायदा असतो. हार्ड डिस्कमधल्या ड्रॉइंगची जबाबदारी नेहमीच्या वॉरंटीत नसते, बॅकअप आपणच घ्यायचा. शिवाय बऱ्याच ब्रँडेड डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय खास मापाचा आणि वेगळ्या कनेक्टरचा असतो. वॉरंटी संपल्यावर तो उडाला, तर बाजारातला साधा सप्लाय बसत नाही आणि एका पार्टसाठी डिझाइनचं काम अडतं.

आणि "जुना झाला म्हणून स्लो झाला," असं ठरवण्याआधी शॉपफ्लोअरला लागून असलेल्या केबिनमधला सीपीयू एकदा उघडून बघा. हीटसिंकच्या पात्यांमध्ये कूलंटच्या तेलकट वाफेने चिकटलेली काळी धूळ दिसेल. प्रोसेसर तापला की स्वतःहून वेग कमी करतो. साफ न करता शेजारी कितीही नामांकित नवा डबा आणून ठेवला, तरी त्याचीही हीच गत होते.

कोटेशनवर 'ब्रँडेड, आय७, १६ जीबी' एवढंच लिहिलेलं असेल, तर ते परत पाठवा. प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅमची पट्टी एक की दोन, पुढे रॅम वाढवता येते का, विंडोज होम की प्रो, वॉरंटी ऑनसाइट की मशीन सेंटरवर न्यायचं, हे सगळं लेखी मागा. दुसऱ्या दुकानातूनही याच मुद्द्यांवर दर घ्या.