पास्कलचा नियम आणि जुनी ब्रेक-नळी

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे शिकवताना आपण फळ्यावर लहान-मोठ्या दट्ट्यांची आकृती काढतो. ही आकृती शाळेच्या आवारातही उभी असते. ठाण्याच्या एमएच-०४ किंवा कल्याणच्या एमएच-०५ क्रमांकाची, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असलेली एखादी जुनी मोटरसायकल शोधा. १९९९ ची सीबीझेड आणि २००१ ची पल्सर यांच्यानंतर असे ब्रेक आपल्याकडे रुळले. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. त्यामुळे गाडी जुनी होते, पण धावत राहते. मालक तिचे इंजिन जपतो. हँडलपासून चाकापर्यंत गेलेल्या काळ्या रबरी नळीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

लिव्हर दाबल्यावर काय होते?

सोयीचे आकडे घेऊ. बोटांनी लिव्हरवर ४० न्यूटन बल लावले. तरफेमुळे ते पाचपट होऊन मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर २०० न्यूटन पडते. दट्ट्याचे क्षेत्रफळ १.२५ चौ. सेंमी असेल, तर ब्रेक ऑईलमधील दाब होतो १६० न्यूटन प्रति चौ. सेंमी, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे सोळापट. तोच दाब नळीतून चाकाजवळच्या कॅलिपरमध्ये पोचतो. तिथल्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ७.५ चौ. सेंमी असेल, तर पॅडवर १२०० न्यूटन बल मिळते.

पण बल सहापट झाले की सरकण्याचे अंतर सहापटीने घटते. वरचा दट्ट्या ६ मिमी सरकला तर खालचा जेमतेम १ मिमी. दोन्हीकडे सरकलेले ऑईल तेवढेच, ०.७५ घन सेंमी. आपली सारी भिस्त या चमचाभरही नसलेल्या ऑईलवर असते.

केसाएवढा फुगवटा

नळीच्या आतल्या रबरावर धाग्यांचे घट्ट विणलेले कवच असते आणि त्यावर पुन्हा रबर. दाबाखाली नळी फुगू नये, हे त्या कवचाचे काम. ऊन, उष्णता व हवेतील ओझोन यांनी रबराला भेगा पडतात आणि वारंवारच्या ताणाने कवच सैलावते. नळीचा आतील व्यास ३.२ मिमी व लांबी १ मीटर धरली, तर तिच्यात सुमारे ८ घन सेंमी ऑईल मावते. समजा, व्यास फक्त २ टक्के वाढला. ही वाढ ०.०६ मिमी, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीएवढी. पण छेदाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानुसार वाढते, म्हणून आकारमान ४ टक्क्यांनी वाढेल. म्हणजे ०.७५ पैकी ०.३२ घन सेंमी ऑईल नळीनेच गिळले! लिव्हर मऊ लागते, मुठीपर्यंत येते आणि शीळफाट्यावर समोरचा ट्रक अचानक थांबला तर हाताशी काही उरत नाही. नळी फुटेपर्यंत वाट का पाहू नये, ते यावरून कळेल. अनेक उत्पादक ती तीन-चार वर्षांनी बदलायला सांगतात.

बदलताना

हे काम जाणत्या मेकॅनिककडून करवून घ्यावे. पण प्रत्येक पायरीमागचे कारण आपल्याला ठाऊक हवे.

नळी त्याच मॉडेलची घ्यावी. जोडावरचे तांब्याचे वायसर नवेच हवेत. मऊ तांबे दाबले जाऊन फट बुजवते. एकदा दाबलेले तांबे कठीण होते आणि पुन्हा तसे बसत नाही. ब्रेक ऑईल रंग खाते, म्हणून टाकी झाकावी. सांडलेच तर लगेच पाण्याने धुवावे.

ऑईल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचेच, सीलबंद बाटलीतले भरावे. ते हवेतील बाष्प शोषते. डॉट ४ प्रकारच्या ताज्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. मालशेज घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला, तर तापलेल्या अशा ऑईलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात.

शेवटी हवा काढणे. इथे बॉईलचा नियम भेटतो. अर्धा घन सेंमीचा बुडबुडा वरील दाबाखाली सतराव्या हिश्शाएवढा होतो. लिव्हरची हालचाल त्याला दाबण्यातच संपते. म्हणून निपलला पारदर्शक नळी लावून, लिव्हर दाबून धरायची, निपल उघडून बंद करायचा आणि मगच लिव्हर सोडायची. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करत वरची टाकी भरती ठेवायची. नंतर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून नळी ताणली वा घासली जात नाही ना, हे पाहावे. लिव्हर मिनिटभर घट्ट दाबून गळती तपासावी आणि पहिली फेरी रिकाम्या गल्लीत, सावकाश मारावी.

वर्गात

सुया काढलेल्या २ व १० मिलिच्या दोन सिरिंज सलाईनच्या नळीने जोडून पाणी भरा. लहान दट्ट्या दाबा; मोठा लगेच हलतो. आता नळीच्या जागी लांबट फुग्याचा तुकडा दोऱ्याने घट्ट बांधा आणि मोठ्या दट्ट्यावर विद्यार्थ्याला बोट दाबून धरायला सांगा. फुगा फुगेल, दट्ट्या जागचा हलणार नाही. मग मुलांना घरच्या गाडीची नळी वाकवून भेगा, फुगवटा, ओल शोधायला सांगा. लिव्हर मऊ लागते का, हे घरच्या मोठ्यांना विचारायला सांगा. गृहपाठ छोटाच आहे, पण त्याच गाडीवरून कुणी तरी रोज कामाला जात असते.