परिधेय कला

वस्त्रनिर्मितीसाठी सामान्यतः न वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांपासून घडविलेली व मानवी शरीरावर धारण करावयाची कलाकृती. कागद, धातूचा पत्रा, तारा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाटल्यांची झाकणे, ध्वनिफिती, सायकलींच्या जुन्या ट्यूबा इत्यादींचा तीत उपयोग करतात. धुलाई, टिकाऊपणा, ऋतुमान या बाबींना तीत गौण स्थान असते. तथापि ती अंगावर घालून चालता आले पाहिजे, ही अट सुटत नाही. शिल्पापासून तिचे वेगळेपण या अटीतच आहे. कलाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची वेशप्रदर्शने (फॅशन शो) हे तिचे एक प्रमुख व्यासपीठ होय.

जर्मनीतील डेसौ येथील बौहाउस या कलाविद्यालयात फेब्रुवारी १९२९ मध्ये झालेल्या ‘धातु-उत्सवा’त विद्यार्थी चकचकीत वर्ख, चमचे, तवे यांनी सजून आले होते. तो प्रसंग करमणुकीचा असला, तरी त्यामागे तेथील रंगमंच-कार्यशाळेची पार्श्वभूमी होती. तिचा प्रमुख ओस्कार श्लेमर याने आपल्या ‘त्रयी’ नृत्यनाट्यात (१९२२) नर्तकांच्या हालचालींवर बंधन घालणारे ताठर वेश योजून त्या बंधनातूनच नृत्यरचना साधली होती. पुढे १९६६ मध्ये पॅरिस येथे पाको राबान याने प्लॅस्टिकच्या चकत्या धातूच्या कड्यांनी जोडून पोशाख तयार केले. सुईची जागा पकडीने घेतली. त्याच वर्षी अमेरिकेत एका कागद-कंपनीने जाहिरातीसाठी कागदी झगे विकले व त्यांची काही काळ लाट आली. लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्स या संस्थेतील हुसेन चालायान याने १९९३ च्या पदवी-प्रदर्शनासाठी लोखंडाच्या किसासह वस्त्रे जमिनीत पुरून ठेवली. गंजाचे डाग हाच त्यांचा अलंकार ठरला.

अशा कृतीत खरी कसोटी सांध्यांची असते. ताठर द्रव्य काख, कोपर, गुडघा येथे अडते. म्हणून चिलखताच्या खवल्यांप्रमाणे त्याचे लहान तुकडे कड्यांनी वा रिव्हेटांनी जोडतात. आत मांजरपाटाची अंगाबरोबर बसणारी कुडती किंवा तारेचा सांगाडा देऊन भार खांदे व कंबर यांवर वाटला जातो. कागद घामाने सैल पडतो व घडीवर फाटतो. त्यामुळे त्यास मागून पातळ कापड चिकटवितात. प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे थर दोन कागदांमध्ये ठेवून वरून बेताची गरम इस्तरी फिरविल्यास ते एकजीव होऊन तक्ता मिळतो. मात्र उष्णता अधिक झाल्यास तो आक्रसतो व अपायकारक धूर निघतो. धारण करणाऱ्यास पायऱ्या चढण्यास व बसण्यास लावून पाहिल्याखेरीज कृती पूर्ण झाली असे मानणे धाडसाचे ठरते. पुतळ्यावर उत्तम दिसणारी कृती मंचावर चार पावलांत उसवू शकते.

न्यूझीलंडमधील नेल्सनजवळ सुझी मॉन्क्रीफ हिने १९८७ मध्ये सुरू केलेला परिधेय कलेचा सोहळा २००५ मध्ये वेलिंग्टन येथे हलविण्यात आला. आयर्लंडमध्ये २०१० पासून शालेय विद्यार्थ्यांसाठी ‘जंक कूट्यूर’ ही टाकाऊ वस्तूंच्या पोशाखांची स्पर्धा भरू लागली.

टाकाऊ वस्तूंच्या पुनर्वापराचा जो दावा अशा प्रदर्शनांत केला जातो, तो सर्वत्र खरा नसतो. झाकणे वा पेले एकसारखे हवेत म्हणून ते नवेच विकत आणले जातात. शिवाय सरस, रंग व धातू एकत्र आल्यावर मुळात वेगळे करता येणारे द्रव्यही पुन्हा उपयोगात आणता येत नाही. त्यामुळे द्रव्य कोठून आणले व प्रयोगानंतर त्याचे काय होणार, याची विचारणा परीक्षकांनी विद्यार्थ्यांकडे करणे आवश्यक ठरते. कड्यांनी किंवा टाक्यांनी जोडलेली कृती पुन्हा सुटी करता येते. चिकटविलेली बहुधा कचऱ्यातच जाते.